ताबा

बेलापूरच्या मॉलमधला पावणेअकराचा शेवटचा खेळ.
तिकीट स्वस्त, कारण पिक्चर पडलेला.
आम्ही एकोणीस माणसं,
आणि एसीखाली झोपलेला एक, त्याला धरून वीस.

पाचव्या मिनिटाला कळलं, भूत मनगटावर घड्याळ घालतं.
डोंगरावरचा बंगला, सात खोल्या, भाडं इतकं कमी
की दलालानंच सांगायला हवं होतं, घेऊ नका.
शेजारी जनू भोईर, आमच्या सोसायटीचा वायरमन.
बल्ब लुकलुकला की माझ्या कानाशी येतो,
"भूत नाय हो, न्यूट्रल ढिला हाय."

बाईच्या कपाळावरची जखम डावीकडून उजवीकडे जाते.
तळघराचं दार आधी आतून बंद, मग बाहेरून.
याला कुणीच घाबरत नाही,
खरं तर यालाच घाबरायला हवं.

नवरा म्हणतो, "मांजर असेल."
जिना करकरतो: "मांजर असेल."
तिसऱ्या वेळी त्याचं तोंड उघडायच्या आत
अख्खं थिएटर म्हणतं, मांजर असेल!
झोपलेला माणूसही उठून म्हणतो.
एवढ्यासाठी मी पुन्हा तिकीट काढीन.
आमच्या सोसायटीला गणपतीची आरती
इतक्या एका सुरात कधी जमलेली नाही.

आणि मध्यंतरानंतर, बहुधा कुणाच्या तरी चुकीनं,
एक प्रसंग खरा येतो.
आई पानं वाढायला घेते. माणसं चार, ताटं पाच.
संगीतवाला कुठे चहाला गेला कोण जाणे,
नुसता डावाचा आवाज.
ती पाचव्या ताटाकडे बघते. किंचाळत नाही.
भात वाढते.
थोडं थांबून, तूपही.

जनूचा पॉपकॉर्नचा हात वाटेतच राहिला.
तेवढ्यात दिग्दर्शकाला आठवलं आपण काय काढतोय ते,
आणि त्यानं कपाट पाडलं.

मग मांत्रिक आला. त्याची दाढी कानापाशी सुटलेली.
म्हणाला, "त्यानं या घराचा ताबा घेतलाय."
मी एकटाच हसलो, आणि जरा जास्तच मोठ्यानं.

तळोज्याला माझं घर आहे. सोळावा मजला.
सात वर्षं झाली, ताबा नाही.
ओसी नाही, लिफ्टच्या जागी काळोखाची विहीर,
बिल्डरच्या ऑफिसात फोन वाजत राहतो.
हप्ता मात्र दर पाच तारखेला
पावलं न वाजवता खात्यातून निघून जातो.
आणि हे घड्याळवालं भूत!
ना स्टॅम्प ड्युटी, ना रजिस्ट्रेशन,
पहिल्याच रात्री सात खोल्या.

कधी रविवारी आम्ही दोघं तिथे खाली उभे राहून
बिनकाचेच्या खिडक्या मोजतो.
योगिनीनं फ्रीजची जागा ठरवून ठेवलीय,
दार डावीकडे उघडायला हवं, म्हणते.
वर कुणी वावरत असेलच
तर ते आम्हीच.

शेवट वाईट होता. बंगला जळाला, ज्वाळा चिकटवलेल्या,
गाडी निघाली, आणि मागच्या सीटवर कोण, ते
तुम्हालाही माहीत आहे.
तरी आम्ही नावं संपेपर्यंत बसलो.
जनूला बघायचं होतं, लाइटवाला कोण.

पामबीचवर त्याच्या स्कूटरचा दिवा दोनदा गेला.
खाडीचा वास येत होता. जनू न्यूट्रलबद्दल काही बोलला नाही,
मीही विचारलं नाही.

कोपरखैरण्याला पोचलो तेव्हा दीड.
भाड्याच्या घराचं कुलूप हळूच काढलं, दिवा लावला नाही.
ओट्यावर झाकलेलं एक ताट.
उभ्यानंच जेवलो. भात गार,
तूप थिजलेलं.

वाटी सरकली, तशी आतून झोपेतली हाक:
कोण आहे?

"मांजर," मी म्हणालो.

"मग दूध झाकून ठेव."