एक पाच तीन सहा दोन चार

पहिलीत, पहिल्याच आठवड्यात मी छडी खाल्ली.
बाईंनी विचारलं, एकानंतर काय?
मी म्हटलं, पाच.
मग तीन, सहा, दोन, चार.
आज्यानं शिकवलेलं तसं,
जेवणानंतर दारात, माझ्या गुडघ्यावर बोटं वाजवत.
सहाच्या पुढं त्याची मोजणी जातच नसे.
घरी येऊन रडले तेव्हा तो हसला नाही.
म्हणाला, बाईंचं बरोबर हाय. माझंबी बरोबर हाय.

कसबा बावड्यात, आमच्या परड्यात, पत्र्याच्या शेडात
त्याची नाकवाली टाटा चोवीस वर्षं उभी.
जॅम झाली, एवढंच त्यानं सगळ्यांना सांगितलेलं.
शाहूपुरीतला गूळ भरून फोंडा घाट उतरणारी गाडी,
आणि तिच्या सीटवर आमच्या कोंबड्या अंडी घालायच्या.
भंगारवाला दोनदा येऊन नजरेनंच वजन करून गेला.
दोन्ही वेळा आज्यानं त्याला चहा पाजला
आणि वाटेला लावला.

मार्गशीर्षात आजा गेला.
बापू म्हणाले, आता जागा तरी मोकळी होईल.
मी शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंग तपासते,
चीर कुठं आहे ते टिचकीच्या आवाजावरनं सांगते.
एका रविवारी सहज बॉनेट उचलून टिचकी मारली.
ब्लॉक नितळ वाजला.

उद्यमनगरातनं बाबालाल शिकलगार आला,
सत्तरीचा, एका कानात यंत्र, दुसऱ्यावर बिडी.
एअर क्लीनर उघडला तर आत धोतराचं फडकं, घट्ट कोंबलेलं.
सायलेन्सरच्या तोंडात त्याच धोतराचा दुसरा तुकडा.
वायरींच्या टोकांना ग्रीस, त्यावर मेणकापड, त्यावर सुतळी.
एक्सलखाली घडीव दगड,
टायर जमिनीपासून दोन बोटं वर.
नोझल काढून त्यानं पान्यानं क्रँक फिरवली,
भोकांतनं तेल वर आलं,
काकवीसारखं, सावकाश.

"जॅम झालेल्या गाडीला असं कोण निजवतंय, ताई?"
मग तो बराच वेळ पाना पुसत बसला.
पाना कधीच स्वच्छ झाला होता.
"डोळं गेलतं भूपालचं.
घाटात समोरच्या दोन लाइटा चार दिसाय लागल्या.
माझ्याकडं आला, म्हणाला, गाडी खराब झाली असं सांगायचं.
मी म्हटलं, कुणाला?
म्हणाला, सगळ्यांना."

अडीच महिने गेले.
टाकीतनं डांबर निघालं, रेडिएटरमधनं मुंग्यांचं वारूळ.
पंप तीनदा खोलला.
दोन बॅटऱ्या एका सकाळी शेडात आपोआप आल्या,
बिल बापूंच्या सदऱ्याच्या खिशात सापडलं.

काल बाबालाल टॅपेट लावत होता,
फिलर पट्टी सरकवत, तोंडातल्या तोंडात:
एक. पाच. तीन.
माझ्या हातातली बॅटरी हलली.
सहा, मी म्हटलं. दोन. चार.
त्यानं यंत्राचा कान माझ्याकडं वळवला.
"फायरिंग ऑर्डर तुला कुणी सांगितली गं?"

आज सकाळी पाइपाचा नट सैल करून हवा काढली,
आधी फेस, मग थुंकी, मग एकसंध डिझेल.
डॅशबोर्डावरची तार लाल होईतो थांबलो.
पहिल्यांदा नुसतीच कण्हली.
दुसऱ्यांदा एकच सिलिंडर बोलला,
बाकीचे पाच ऐकत राहिले.
तिसऱ्यांदा शेडाचा पत्रा थरथरला,
कोंबड्या कुंपणापल्याड,
काळा धूर शेजारच्या वाळत घातलेल्या चादरींवर,
आणि खालून, सीटमधनं, माझ्या गुडघ्यात
ती मोजणी.

गाडी कुठं नेली नाही. ब्रेकच नव्हते अजून.
बापू दारात उभे, हातात चहाचा कप, कप किणकिणतोय.
बाबालाल ओरडला, पाणी गळतंय, बंद कर!
किल्ली फिरवली, काही झालं नाही.
ही गाडी किल्लीनं बंद होत नाही, मूठ ओढावी लागते.
न बघता डावीकडं हात घातला.
तिथंच होती,
लाल रंग बोटांच्या मापाचा झिजलेला.
धरली.
अजून थोडं चालू दे, असं बापू म्हणाले
की मीच म्हटलं,
त्या आवाजात कळलं नाही.