देखभालीची नोंद

नगर सभागृहाच्या चाव्या माझ्याकडे असतात.
एका तारेत बावीस.
त्यातली अकरावी ऑर्गनच्या कठड्याची.

कठडा पितळी, नवाकोरा. त्यावर पाटी:
हात लावू नये.
वाजवायचा असल्यास अर्ज तीन प्रतींत,
सात दिवस आधी, अनामत पाच हजार,
सोबत संगीत परीक्षेचा दाखला.
उद्घाटनाला वर्ष झालं.
अर्जांच्या फायलीत
सुतळी आहे फक्त.

मी तो मुका असताना पाहिलाय.
नळ्यानळ्यांतून पारव्यांचे संसार.
दुरुस्तीला उतरवला तेव्हा मोठ्या नळीतून निघाल्या
सात गोट्या, एक लग्नपत्रिका,
आणि कुण्या पोराची पत्र्याची शिट्टी.
शिट्टी अजून वाजत होती.

परदेशातून कारागीर येणार होते. आले नाहीत.
मग उद्यमनगरात इलाही मिस्त्रींनी
लेथवर झडपांच्या खिट्ट्या काढल्या
आणि भात्याचं कातडं शिवलं
सुभाषनगरच्या रावजी व्हटकरांनी,
चपलेची वेणी घालतात त्याच बोटांनी,
त्याच मेणाच्या दोऱ्यानं.
‘म्हंजे वाऱ्याला चप्पल घालायची म्हणा की,’
असं म्हणाले होते.

उद्घाटनाचा पास त्यांना गेला, मागच्या दाराचा.
भाषणं दीड तास चालली, ऑर्गन चार मिनिटं.
तोवर व्हटकर
शेवटची केएमटी पकडायला निघून गेले होते.

एका मंगळवारी भर दुपारी आले.
दारातच चपला काढल्या.
म्हणाले, उन्हाळ्यात कातडं आखडतं,
शिवण बघायची होती.
मी अकरावी चावी काढली.
लाईट गेलेली, मोटर बंद.
बाजूला हातभात्याची जुनी दांडी आहे, तिला धरलं.
चौतीस वर्षांच्या नोकरीत
मी पहिल्यांदाच दांडी मारली,
तीही हजेरी लावून.

भाता गाभण म्हशीसारखा फुगत गेला.
व्हटकर गुडघ्यावर बसले,
शिवणीला कान लावून टोकापर्यंत सरकले.
‘कुठं सुटत न्हाई.’
मग उभे राहिले. हात धोतराला पुसले. पुन्हा पुसले.
‘एक दाबू?’

पूर ओसरताना
घाटाची पायरी पाण्यातून वर येते ना,
चिखल निथळत, सावकाश,
तसा तो सूर वर आला.
त्यांनी बोट उचललंच नाही.
मी दांडी मारत राहिलो, माझा दम संपेपर्यंत,
मग भात्याचा संपेपर्यंत.

वहीत लिहिलं:
मंगळवार. देखभाल. एक इसम.

पुढच्या मंगळवारी दोन.
मग शांतवन समुद्रे आले, चर्चमध्ये
तीस वर्षं पायपेटी वाजवलेले, दाखला नसलेले.
दांडीला तालमीतली दोन पोरं मिळाली,
तेवढाच व्यायाम म्हणून.
त्यातल्या एकानं सगळ्यात खालची पट्टी ऐकली
आणि छातीवर हात ठेवला:
‘मास्तर, हे कानाला न्हाई, बरगडीला लागतंय.’
चहावाल्याची मेहरून रोज विचारते, मंगळवार कधी.
तिला काळ्या पट्ट्याच आवडतात.
इलाही मिस्त्री आले ते झडपेचा आवाज ऐकायला,
सुराकडे त्यांचं लक्षच नव्हतं.
देखभाल. नऊ इसम.

परवा साहेबांनी वही चाळली.
‘एवढी देखभाल लागते?’
‘लागते साहेब. रिकामं ठेवलं की पारवे येतात.’
साहेबांनी वर नळ्यांकडे पाहिलं, बराच वेळ.
वही मिटून परत दिली.
पाटी आहे तिथंच आहे.
मी ती रोज पुसतो, ते माझं काम.

मार्चअखेर मी रिटायर होतोय.
नव्या माणसाला बावीस चाव्या मोजून द्यायच्या,
कुठली कशाची ते सांगायचं.
अकरावीबद्दल किती सांगावं
अजून ठरत नाही.
तार तेवढी तिच्यापाशी
सैल करून ठेवलीय.