मूठभर

देवळीच्या जिनिंगवर मी ग्रेडर, एकवीस हंगाम झाले.
गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा,
मूठ ओढायची, दोन अंगठ्यांत धागा ताणायचा
आणि बारा क्विंटलांबद्दल बोलायचं.

लेक नागपूरला फिलॉसॉफी शिकते.
गेटवरचे हमाल विचारतात, "त्याच्यात नोकरी कोनती लागते जी?"
मी विषय बदलतो.

परवा डबा घेऊन आली, गाठींवर चढून बसली.
म्हणाली, बाबा, एक जर्मन होता.
तिकडे तेव्हा रक्ताची ग्रेड लागत होती.
बायकोच्या बापाचं रक्त सरकारला चाललं नाही,
तर देश सोडून गेला तिच्यासकट.
पुढे आयुष्यभर हेच विचारत राहिला
की साक्ष कशाला म्हणायचं.

समजा, सगळे कावळे काळे. हे पटवायचं कसं?
कावळे बघून, मी म्हणालो, तोंडात भाकर.
उलटं करा, म्हणाली.
जे काळं नाही ते कावळा नाही.
वाक्य तेच ना?
मग जे काळं नाही आणि कावळाही नाही
ते सगळं साक्षीला उभं.
तुमच्या मनगटाला चिकटलाय, तो कापूससुद्धा.

मी मनगट झटकलं नाही.
एकवीस वर्षं
मी कावळेही तपासत होतो म्हणजे,
आणि पगार फक्त कापसाचा.

मंजुळाबाई तेलरांधे गाडीजवळ ताटकळलेली.
ऐकत होती सगळं.
"कावळा काळा कुठी असते जी?
मान तं पाहा त्याची, राखोंडीवानी."
शेडच्या टिनावर दोन बसलेले.
खरंच, राखाडी.
"डोमकावळा अलग असते," हमाल म्हणाला, कोणी ऐकलं नाही.
लेक इतकी हसली की ठसका लागला,
मग वही काढली आणि बराच वेळ
काही लिहिलं नाही.

मंजुळाबाईच्या गाडीत मी हात घातला.
पांढरा, कोरडा, लांब धाग्याचा.
पुन्हा घातला, खांद्यापर्यंत. तोच.
त्याखाली अजून दोन हात कापूस होता,
तिथं माझी बोटं जात नाहीत,
कधीच गेली नव्हती.

चिठ्ठीवर 'ए' लिहिलं.
खाली, बारीक अक्षरात, 'बहुतेक'.

मुनीमनं चष्मा वर केला.
"उरकुडे, हे कोनती ग्रेड काढली आता?"