सीरम

रक्त तासभर उभं ठेवलं की त्याचे दोन होतात.
तांबडं खाली बसतं,
वर उरतं पिवळसर पाणी.
नऊ वर्षं हेच बघते आहे
सेमिनरी हिल्सच्या प्रयोगशाळेत, खिडकीशी,
जिथून फक्त कँटीनच्या पाण्याची टाकी दिसते.

कुप्यांवर मी अक्षरं घालते.
मा म्हणजे माणूस.
डु म्हणजे डुक्कर.
रा म्हणजे रानडुक्कर.

पहाटे पाचला आम्ही पिवळ्या नदीवर.
नकाशात ती नदी आहे, वस्तीत नाला,
आणि नाल्यातून जातो नळाचा पाइप,
सायकलच्या ट्यूबने दोन जागी बांधलेला.
डोमाजींची डुकरं त्याच्यावर पाठ घासतात.
एकेकाला उताणं पाडून मानेत सुई घातली
की आख्खी गल्ली उठून बसते.
"मॅडम, माह्या डुकराले काई नाही," डोमाजी म्हणतात,
"पाहा ना, कसं खाते."
खरंच काही नाही.
विषाणू त्याच्या यकृतात राहून जातो
भाड्याची खोली सोडावी तसा,
भिंतीला एक खिळासुद्धा न ठोकता.

माणसात तो खिळे ठोकतो.

छबूताई नंदेश्वर वही उघडतात.
घर अकरा, डोळे पिवळे.
घर बारा, डोळे पिवळे, गळ्यात काविळीची माळ;
माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात,
पोराची बेंबीपर्यंत आली आहे.
घर तेरा. सून. सातवा महिना.
छबूताई वहीतून मान वर करत नाहीत.
"हिले मेयोत न्या. आज. आत्ता."
नवरा म्हणतो, नेतो ना,
पण आज पाणी यायचा दिवस आहे,
भरणार कोण?

दुपारी हिंगण्यापलीकडे,
केजाजी उईकेंच्या तुरीला साड्यांचं कुंपण,
वाऱ्यावर कुणाकुणाचे पदर.
रात्री रानडुक्कर त्यातूनच आरपार गेलं,
सडकेवर ट्रकखाली आलं,
दातात अजून जांभळी किनार.
वनरक्षक पंचनामा लिहितो, मी हृदयातून रक्त ओढते.
लांब बाभळीखाली तिघे उभे,
हातात रिकामी पिशवी, काहीच न मागता.
वनरक्षक त्यांच्याकडे न बघता
डिझेलचा डबा उघडतो.
केजाजी म्हणतात, "हे नाल्यानं येते, बाई,
शहरातल्या डुकरायच्या मागं मागं.
का ते याच्या मागं जाते, कोन जाने."
मलाही तेच विचारायचं होतं.

परत येईस्तोवर पेटीतला बर्फ वितळला.
तीन कुप्यांवरची शाई पाण्यात गेली.
मा नाही, डु नाही, रा नाही.
उजेडासमोर धरल्या
तर तिन्हींत तेच, पातळ, वाळल्या गवताच्या रंगाचं.

तपासायला नको होत्या. तपासल्या.
यंत्राला अक्षर लागत नाही.
थेंब आधी निळा होतो,
आणि आम्लाचा थेंब पडला
की पिवळा.

तीन पिवळे.

रजिस्टरात एक रकाना आहे: कोणाचा.
डुक्कर पुन्हा धरता येईल,
माणूस कुरकुरत हात पुढे करेल,
रानडुकराची एव्हाना राख झाली असेल.
पेन टोपण उघडून ठेवलं आहे मघापासून.

छबूताईंचा फोन.
"तेरा नंबर मेयोत आहे जी.
पानी शेजारणीनं भरलं."
मग गाड्यांचे आवाज, कुणीतरी खोकलं,
छबूताई फोन धरून होत्या,
मी धरून होते.
पुढचं मी विचारलं नाही.

खिडकीबाहेर टाकीवर कावळा बसला आहे,
चोच बुडवतो, मान वर करतो, गिळतो.
झाकण कधी उडालं
कुणाच्या लक्षात नाही.