साधन-निवड तक्ता, इयत्ता सहावी

तक्त्यात सहा रकाने आहेत.
साधनाचे नाव, किंमत, हमीचा काळ,
वीज किती, नेट किती,
आणि शेवटी, सगळ्यांत अरुंद,
विद्यार्थ्यांचा प्रतिसाद.
शुक्रवारपर्यंत भरून द्या, नाईकनवरे सर म्हणाले,
वॉर्ड ऑफिसचा माणूस न्यायला येईल.

अंधेरीहून आलेल्या तरुणानं
नव्या फळ्यावर बोट फिरवलं तशी
पृथ्वी गरगरली, बेडूक रक्ताविना उघडला,
त्याचं काळीज बाजूला काढून
पुन्हा जागच्या जागी ठेवलं.
मुलांनी टाळ्या वाजवल्या.
मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.
बावीस वर्षं खडूची पूड गिळलेल्या घशाला
तो गुळगुळीत उजेड बरा वाटला.

पण मला कपाटही ठाऊक आहे.
परवाच्या वर्षीचे चौदा टॅब त्यात पालथे झोपलेत.
पासवर्ड करगुटकर बाईंना माहीत होता,
त्यांची मुलुंडला बदली झाली.

आणि हेही लिहायला हवं, रकाना नाही त्याला:
अंगात ताप होता त्या दिवशी
मी पाऊण तास व्हिडिओ लावून बसले.
वर्ग इतका शांत, की सरांनी
दारातूनच कौतुकानं मान डोलावली.
त्या पाऊण तासातलं एक वाक्य
मला आठवत नाही. मुलांनाही.

मंगळवारी जलचरांचा धडा.
ॲपमधला मासा डावीकडून उजवीकडे,
निळ्या, स्वच्छ,
कुणाच्याच गावात नसलेल्या पाण्यातून.
मागच्या बाकावरचा निमेश वैती,
वाचताना दर जोडाक्षरापाशी
ठेच लागल्यासारखा थांबतो तो,
हात वर न करताच म्हणाला,
"बाई, ह्यो आपल्या खाडीतला नाय."
"मग आपल्या खाडीतला कसा असतो?"
"उद्या दावतो."

बुधवारी जेवणाच्या डब्यात ट्रॉम्बेचा चिखल,
बोटभर पाणी,
आणि डोक्यावर डोळे ठेवून बसलेला निवटा.

माझा जुना फोन, कोपऱ्यात काचेला जाळं पडलेला,
दोन पट्ट्या आणि भूगोलाच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर
आडवा बांधला, डब्याच्या बरोबर वर.
तारेचं दुसरं टोक प्रोजेक्टरला.
आणि भिंतीवर, पोपडे आलेत तिथेच,
दाराएवढा निवटा.
गालफडं फुगतात, बसतात, फुगतात.
बेचाळीस पोरं त्याच्याच तालावर.
हुमेरानं काचेवर दोन बोटं फाकवली,
डोळा परातीएवढा झाला
आणि वर्गाकडे बघू लागला.

निमेश उठून भिंतीपाशी गेला, कुणी न सांगता.
ह्यो पंखांवर चालतो. ओहोटीला बिळाबाहेर येतो.
कातडीनं पन श्वास घेतो,
म्हनून अंग सुकू देत नाय, चिखलात लोळतो.
'श्वास' म्हणताना तो थांबला नाही.
माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसावं.
त्याच्या तर नाहीच.

मग निवटा उडाला.
डब्याच्या काठावरून बाकाखाली, दप्तरांमध्ये.
अख्खा वर्ग जमिनीवर.
कुणी ओंजळ केली, कुणी कंपासपेटी रिकामी केली,
कुणी ओरडलं, दाबू नका रे, त्याला ओलं करा,
बाटल्यांची झाकणं उघडली, फरशीवर तळं झालं.
भिंतीवर तेवढा वेळ
एक रिकामा डबा, दाराएवढा,
थरथरतं गढूळ पाणी, एक बुडबुडा.
तिकडे कोणीच पाहत नव्हतं.

आज शुक्रवार.
साधनाचे नाव: फोन, तार, पट्ट्या दोन, वह्या.
किंमत: तारेचे चारशे ऐंशी, बाकी घरचं.
हमीचा काळ: काही सांगता येत नाही.
वीज थोडी. नेट नाही.

शेवटचा रकाना जेमतेम बोटभर.
त्यात लिहिलं, सापडला.
आणि मग, बारीक अक्षरात, समासात शिरून,
भरतीच्या आधी सोडून आलो.