बिब्ब्याची खूण

लोक म्हणतात, बिब्बा घातला म्हणजे काम नासलं.
आमच्या घरात बिब्बा घातला
म्हणजे कपडा हरवायचा नाही.

जालन्याच्या छावणीत संत मॉरिसची सैनिकी शाळा होती
आणि कुंडलिकेवर तिचा परीट, माझा आजा, सटवाजी.
पलटणीत मेलेल्यांची पोरं, वैजापूरकडची ख्रिस्ती पोरं,
दोनचार गोव्याची.
दाराशी आली की नाव काढून घेत, नंबर देत.
आजा सुई बिब्ब्यात टोचून
कॉलरच्या आत आकडा काढायचा,
वर चुन्याचं बोट.
पहिल्या वर्षी अठ्ठेचाळीस पोरं.
आजीच्या हातावर बिब्बा उतला,
महिनाभर तिनं भाकरी थापली नाही.

शाळेचा इतिहास कुणी लिहिला असेल
तर तो फादर आंत्वानच्या पेटीतून फ्रान्सला गेला.
आमच्याकडं राहिली धुण्याची वही.
आजाला अक्षर येत नव्हतं, आकडे येत.
सदरे एकशेबारा : म्हणजे लढाई चालू, भरती जोरात.
चादरी दुप्पट : म्हणजे हिवताप.
एका पानावर सदरे एकशेअकरा
आणि कोपऱ्यात फुली.
त्याबद्दल आजा कधी बोलला नाही.

सत्तर नंबरची चादर रोज ओली असायची.
ड्रिलमास्तरला कळलं असतं
तर तीच गळ्यात घालून पोराला मैदानभर फिरवलं असतं.
आजा पहाटे चारला मागच्या खिडकीतून ती ओढून घ्यायचा,
कोरडी आत सरकवायचा.
वहीत ती चादर नाही.

मग तो भादवा. रणगाडे सोलापूरकडून निघाल्याची बातमी,
आणि रात्री कंदील घेऊन फादर स्वतः आमच्या दारात.
"सटवाजी, बिल्ले. सकाळच्या आत. सगळे."
आजी, आत्या, शेजारची रझिया शिंपीण
बसल्या निजामाचे बिल्ले उसवत.
कात्री एकच होती. रझियानं दातांनी दोरे तोडले.
सकाळी पोरं रांगेत उभी,
प्रत्येकाच्या खांद्यावर एक गडद चौकोन,
जिथं इतकी वर्षं ऊन पोचलं नव्हतं.
इन्नासी साळवे बिगुल तोंडाशी धरून थांबलेला.
सलामी कुणाची वाजवायची, कुणी सांगेना.
शेवटी त्यानं जेवणाची वाजवली.

पुढची पानं हलकी होत जातात.
नव्वद सदरे. साठ. सव्वीस.
शेवटच्या पानावर सात, आणि वेदीचं कापड एक,
मेणाचे डाग निघाले नाहीत.
येणे बाकी तेरा रुपये.

आता तिथं बियाण्याच्या कंपनीचं गोदाम आहे.
सरकीच्या गोण्या प्रार्थनेच्या जागी छतापर्यंत,
पलीकडं रोलिंग मिलचा धूर.

मी तिसरीत असताना एक म्हातारा आमच्या घरी आला.
निवृत्त सुभेदार, पात्रस त्रिभुवन. सोबत बायको.
गोदामाच्या वॉचमननं आत सोडलं नव्हतं.
आजाचे डोळे तोवर गेले होते.
"मी सत्तर," पाहुणा म्हणाला.
आजानं हात पुढं केला, चाचपडत,
आणि टेरिलिनच्या कॉलरच्या आत बोट फिरवलं,
सवयीनं.

बायकोनं हसत विचारलं, हे लहानपणी कसे होते?
"सत्तर नंबर?" आजा म्हणाला.
"त्याचं कधी काही धुवावंच लागलं नाही, बाई."

सुभेदार चहाच्या कपात बघत राहिला.
बायको म्हणाली, घरी तर उलटंच आहे,
आणि आम्ही सगळे हसलो.

जाताना बसलेली सतरंजी त्यानं उचलली.
तीन घड्या, कडा आत, कोपऱ्याला कोपरा,
तळहातानं दाबून सपाट,
जशी तपासणीच्या दिवशी.
राहू द्या हो, आजी म्हणाली. राहू द्या.
त्याला ऐकू गेलं नसावं.
तो दुसरी घालायला लागला होता.