चुन्याची रेघ

बारा वर्षांनी महिलांची राष्ट्रीय स्पर्धा
आमच्या क्लबात आली, डिसेंबरात.
फळ्यावर नावं मीच लिहितो.
मानांकन असेल तर नावापुढं कंसात आकडा,
नसेल तर नुसता फळा.

स्वरांजली मगदूम, जयसिंगपूर.
नाव लांब, चौकटीत बसेना,
शेवटचा म खाली दुमडला.
शनिवारी पात्रता फेरीत हरली,
ओल्या फडक्यानं पुसून टाकली.
रविवारी पुण्याच्या एका पोरीचा घोटा सुजला
आणि सेक्रेटरीसाहेब म्हणाले, महालिंग,
ती कालची आहे का अजून गावात?
होती. उचगावला मावशीकडं,
कपडे दोरीवर, परतीची एसटी दुपारची.
फळा वाळला नव्हता.
नावावरच नाव लिहिलं.

सोमवारी तिला कुणी बघितलं नाही.
मंगळवारी मी बघितलं, कारण रोलर तिथंच उभा होता.
बुधवारी कंसातला सहा गेला,
गुरुवारी कंसातला तीन.
शुक्रवारी कँटीनचा रावसाहेब
भजी कढईत सोडून जाळीशी आला,
"मामा, ही नेमकी कोण?"
मला तरी कुठं ठाऊक.
एवढंच, की सामना संपला की ती
बुटांची माती कोर्टावरच झटकायची,
आमची माती बाहेर न्यायची नाही.

माझा बाप गंगावेशीकडच्या तालमीत माती करायचा.
ताक, हळद, लिंबू, तेल.
अनवाणी हौद्यात उतरायचा,
म्हणायचा, माती माणूस वळखत नाही.
मी टेनिसच्या मातीला नुसतं पाणी पाजतो.
ही काय वळखते, विचारलेलं नाही.

रविवारी समोर पहिली मानांकित, हैदराबादची.
तिच्याबरोबर दोन माणसं,
एक बर्फाची पेटी, सहा रॅकेटी.
हिच्याबरोबर मावशी,
मांडीवर स्टीलचा डबा,
टाळी कधी वाजवायची ते
शेजारच्यांकडं बघून ठरवणारी.

पहिला सेट गेला. दुसरा टायब्रेकरला.
पाच-सहा.
एक गुण, की करंडक हैदराबादला.
लई लांब चालली रॅली,
मग हिचा फोरहँड, तिरका, दमलेला,
कोपऱ्यात पडला, चुना उडाला.
पहिली बोट दाखवत राहिली.
पंच खुर्चीवरून उतरले, वाकले,
ठसा बघितला, गुडघ्यावर हात ठेवून परत बघितला.
आत.

सगळे ओरडले. मी नाही.
ती रेघ पहाटे मी ओढलेली.
दव पडलेलं, दोरी ओली,
खुंटीपाशी जरा ढिली राहिली होती.
पाव बोट असेल.
माझं मलाच ठाऊक.

तिसरा सेट सहा-एक.
त्यात माझं काही नव्हतं.
बक्षीस देताना पाहुणे तिला स्वरांगी म्हणाले,
ती हसली, करंडक उलट्या बाजूनं धरला,
मावशीनं डबा उघडला तो थेट कोर्टाच्या कडेला.
आंबोळी होती. मलाही मिळाली.

सगळे गेल्यावर सुकी दोरी काढली,
दोन्ही खुंट्यांना गाठ मारली, ताणली,
खाली वाकलो,
आणि बॅटरी न पेटवताच उठलो.
बाजू बदलतात दोघी. रेघ कुठं बदलते?
पहिल्या सेटला त्याच कोपऱ्यात
पहिलीचेही दोन पडलेले.
तेव्हा कुणी खुर्चीवरून उतरलं नव्हतं.

मग ब्रश ओढला.
हिचे ठसे गेले, तिचे गेले,
पंचांच्या बुटांचे गेले.
रेघ तेवढी नवी मारली, दोरी दोनदा तपासून.
सकाळी सहाला डॉक्टरांची डबल्स असते,
आणि हुक्केरी डॉक्टर
रेघेवरनं भांडतात.